शके १४९५ची काशी: एकनाथी भागवताचा काळ शोधताना

साहित्यकृतीवरील प्रबंधात किंवा शोधनिबंधात ‘सामाजिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी’ नावाचे एक प्रकरण बहुधा असतेच, आणि ते बहुधा सर्वांत निर्जीव असते. राजवटींची यादी, थोडी सनावळी, जातिव्यवस्थेवर दोन परिच्छेद आणि स्त्रियांच्या स्थितीवर एक, एवढी भरती झाली की अभ्यासक खऱ्या विषयाकडे वळतो आणि पुढच्या विवेचनात त्या प्रकरणाचे नावही निघत नाही. असे प्रकरण जसेच्या तसे उचलून दुसऱ्या एखाद्या संतकवीवरील प्रबंधाला जोडले तरी खपून जाते, यातच त्याचे अपयश उघड होते. संदर्भ म्हणजे कृती ज्या ठिकाणी, ज्या काळी, ज्या वाचकांसाठी आणि ज्या संस्था व वाद यांच्या सान्निध्यात लिहिली गेली, त्या सर्वांची माहिती. आणि या माहितीमुळे कृतीतील एखाद्या ओवीचे वाचन बदलत नसेल, तर ती कितीही खरी असली तरी त्या निबंधापुरती फुकट आहे.

हे नेमके कसे साधते ते पाहण्यासाठी मराठीत एकनाथी भागवतासारखे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल. भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधावरील ही ओवीबद्ध टीका एकतीस अध्यायांची आणि सुमारे १८,८०० ओव्यांची आहे. तिचा आरंभ गोदावरीकाठच्या पैठणात झाला आणि शेवट गंगाकाठच्या वाराणसीत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रमुख ग्रंथ महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखाच्या मध्यावर पुरा झाला, या गोष्टीचे नवल बहुतेकांना एका सुप्रसिद्ध कथेमुळे वाटेनासे झाले आहे. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून काशीचे पंडित रागावले, एकनाथांना जाब देण्यासाठी बोलावणे आले, ग्रंथाची परीक्षा झाली, गंगेने तो वर उचलून धरला आणि शेवटी त्याची मिरवणूक निघाली, असा त्या कथेचा गाभा. शालेय पाठ्यपुस्तकांपासून कीर्तनापर्यंत ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की पुष्कळ निबंधांत तिलाच ऐतिहासिक पार्श्वभूमीचे स्थान मिळते. शोधाची सुरुवात मात्र कथेपासून न करता ग्रंथापासून करावी लागते.

जुन्या हस्तलिखित ग्रंथांच्या शेवटी लेखक किंवा लेखनिक स्थळ, काळ, गुरू, आश्रयदाता यांची जी नोंद करतो तिला पुष्पिका म्हणतात. एकनाथी भागवताच्या एकतिसाव्या अध्यायाच्या अखेरीस अशी नोंद ओव्यांतच गुंफलेली आहे आणि ती विलक्षण तपशीलवार आहे. ग्रंथाचा आरंभ प्रतिष्ठानी म्हणजे पैठणात झाला, तेथे पाच अध्याय झाले, पुढचा भाग आनंदवनात म्हणजे काशीत विस्तारला, मणिकर्णिकेच्या तीरी पंचमुद्रा नावाच्या पीठात तो समाप्त झाला, महिना कार्तिक, तिथी शुद्ध पौर्णिमा, वार सोमवार, असे सर्व तेथे आले आहे. वर्ष दोनदा दिले आहे: वाराणसीच्या चालीप्रमाणे विक्रम संवत १६३०, संवत्सराचे नाव वृष, आणि कवीच्या स्वदेशाच्या चालीप्रमाणे शालिवाहन शक १४९५, संवत्सराचे नाव श्रीमुख.

एकाच वर्षाला दोन वेगळी संवत्सरनामे कशी, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, आणि अनेकजण येथे लेखनिकाची चूक मानून पुढे जातात. संवत्सरचक्र साठ नावांचे असते आणि त्याचे मूळ गुरू ग्रहाच्या गतीत आहे. गुरूला एक रास ओलांडण्यास सौर वर्षापेक्षा काही दिवस कमी लागतात, त्यामुळे गुरूच्या गतीशी इमान राखणाऱ्या उत्तरेकडील गणनेत साधारण पंच्याऐंशी वर्षांनी एक नाव गळते. दक्षिणेने ही गळती केव्हाच सोडून दिली आणि दरवर्षी पुढचे नाव घेण्याची सरळ रीत स्वीकारली. त्यामुळे दोन्ही गणनांतील अंतर शतकागणिक वाढत गेले. चक्रात श्रीमुख सातवे आणि वृष पंधरावे, म्हणजे अंतर आठ नावांचे. आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तेवढेच असायला हवे. वाराची पडताळणीही करता येते. त्या वर्षीची कार्तिकी पौर्णिमा तत्कालीन ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे ९ नोव्हेंबर १५७३ रोजी येते आणि त्या दिवशी सोमवारच होता. शक, संवत, दोन संवत्सरे, तिथी आणि वार असे सहा धागे एकमेकांशी जुळतात, तेव्हा ही नोंद कोणी मागाहून अंदाजाने रचली असेल ही शंका फारच दुबळी होते.

येथवरचे काम कालनिश्चितीचे झाले; वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम त्यापुढचे. कवीने वर्ष दोन रीतींनी का सांगितले? काशीत बसून लिहिणारा हा कवी आपल्या वाचकांना आधी गंगाकाठची रीत सांगतो आणि मग त्यांच्या ओळखीच्या गोदाकाठच्या रीतीत तिचा उलगडा करतो. याचा अर्थ, ग्रंथ काशीत पुरा होत असला तरी त्याचा वाचक पैठणच्या बाजूला आहे, आणि काशीचे नाव हे त्या वाचकाला सांगण्याजोगे, ग्रंथाचे वजन वाढवणारे आहे. केवळ एक तारीख म्हणून वाचल्या जाणाऱ्या या ओव्या असे पाहिले की ग्रंथाच्या अपेक्षित वाचकाचा पत्ता देतात. सामाजिक संदर्भ म्हणतात तो हा, आणि तो शोधण्यासाठी ग्रंथाबाहेर अजून एक पाऊलही टाकावे लागलेले नाही.

पंचमुद्रा पीठाचे नाव मात्र अभ्यासकाला ग्रंथाबाहेर नेते. आजच्या नकाशात ते सापडत नाही. स्कंदपुराणातील काशीखंड या क्षेत्रमाहात्म्यात वीरेश्वराच्या आख्यानात विकटा देवी आणि पंचमुद्र महापीठ यांचे उल्लेख येतात. वीरेश्वराचे देऊळ आज आत्मावीरेश्वर म्हणून ओळखले जाते, विकटा देवीचे स्थान संकटा देवीच्या नावाने चालते, आणि दोन्ही ठिकाणे मणिकर्णिकेच्या उत्तरेला, शिंदे घाट व संकटा घाट यांच्या वरच्या गल्ल्यांत आहेत. पुष्पिकेतील मणिकर्णिकेचे सान्निध्य याच्याशी मिळतेजुळते आहे. क्षेत्रमाहात्म्ये इतिहास म्हणून वाचण्यासारखी नसली तरी जुन्या स्थळनामांची ती उत्तम सूची असतात, आणि अशा कामासाठी त्यांचा उपयोग करण्यास कचरण्याचे कारण नाही.

वाराणसीत प्रत्यक्ष जाणाऱ्या अभ्यासकाची खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होते. नदीकाठावर मराठी खुणा पावलोपावली दिसतात: अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, पेशव्यांच्या देणग्यांतून बांधलेल्या पायऱ्या, मराठी आडनावांची घरे, मराठी शिलालेख. हे सर्व पाहून एकनाथ अशाच मराठमोळ्या काशीत राहिले असतील अशी समजूत होते आणि तीच निबंधात उतरते. वस्तुतः आज दिसणारे बहुतेक दगडी घाट अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत; शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांच्या काळचा, १८३०च्या सुमाराचा. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बांधले. त्याआधीचे, १६६९मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेलेले मंदिर साधारणतः १५८५च्या सुमारास तोडरमल्लाच्या साहाय्याने उभे राहिले असे मानतात, म्हणजे तेही एकनाथांच्या ग्रंथसमाप्तीनंतरचे. एका काळाची वस्तू दुसऱ्या काळात नेऊन ठेवण्याच्या या दोषाला कालविपर्यास म्हणतात, आणि तो अज्ञानापेक्षा प्रत्यक्ष पाहण्याच्या उत्साहातूनच अधिक वेळा घडतो.

मग १५७३च्या काशीत काय होते? याचा एक साक्षीदार त्याच शतकातील आणि मूळ पैठणच्याच घराण्यातील आहे. नारायणभट्ट यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणचे. भ्रमंती करीत ते सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला येऊन स्थायिक झाले. नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. परकीय राजसत्तेच्या उपद्रवाने विश्वेश्वराचे लिंग स्थानावर नसेल तेव्हा यात्रेकरूने काय करावे, असा प्रश्न या ग्रंथात येतो, आणि अशा वेळी त्या स्थानालाच प्रदक्षिणा व नमस्कार केल्याने यात्रा पूर्ण होते, असे उत्तर दिले आहे. विधीच्या नियमांत दडलेले असे वाक्य इतिहासकाराला बखरीतील दहा पानांपेक्षा मोलाचे वाटते, कारण ते काही सिद्ध करण्यासाठी लिहिलेले नाही. व्यवहारात अडलेल्या यात्रेकरूची सोय करण्यासाठी लिहिले आहे. देव जागेवर असेल नसेल, तरी क्षेत्राचा अधिकार मात्र अढळ ठेवायचा, अशा मनःस्थितीतील ते नगर होते.

नारायणभट्टांचे घराणे म्हणजे अपवाद नव्हे. १९१२ साली हरप्रसाद शास्त्री यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात काशीच्या दक्षिणी पंडितांवर एक लेख लिहिला. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी आपल्या कुळाचा जो वृत्तान्त ‘गाधिवंशानुचरित’ या नावाने लिहून ठेवला होता, त्याच्या आधारे शास्त्रींनी दाखवले की सोळाव्या-सतराव्या शतकांत काशीच्या विद्वत्सभेवर दक्षिणेतून आलेल्या घराण्यांचा मोठा पगडा होता. भट्ट, शेष, धर्माधिकारी ही त्यांतील ठळक नावे. ‘निर्णयसिंधु’ हा धर्मशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १६१२मध्ये लिहिणारे कमलाकरभट्ट हे नारायणभट्टांचे नातू, आणि १६७४मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे पणतू. दक्षिणेतील जातिविषयक तंटे निवाड्यासाठी काशीला जात आणि काशीच्या पंडितांच्या सह्यांची निर्णयपत्रे परत येत. देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तिव्यवहाराबाबत १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात भरलेल्या सभेचे निर्णयपत्र प्रसिद्ध आहे. रोझलिंड ओहॅनलन यांनी २०१० साली प्रकाशित केलेल्या एका दीर्घ लेखात काशी आणि मराठी मुलूख यांच्यातील या पत्रव्यवहाराची सविस्तर चर्चा केली आहे.

हा तपशील केवळ माहितीसाठी नाही. लोकप्रिय कथेत ‘काशीचे पंडित’ नावाचा जो अनोळखी, परप्रांतीय, कठोर समूह येतो, त्याच्या जागी आता पैठण आणि गोदाखोऱ्यातून दोन पिढ्यांपूर्वी आलेली, मराठी जाणणारी, गावाकडच्या तंट्यांत मत देणारी माणसे दिसू लागतात. प्राकृत ग्रंथाला विरोध झाला असेल तर तो दोन प्रांतांमधला न राहता एकाच समाजातील, कदाचित एकाच गावच्या दोन घराण्यांमधला ठरतो. अर्थात एकनाथ आणि नारायणभट्ट यांची गाठ पडली असे येथे म्हणायचे नाही; एका नगरात, एका दशकात, एका मूळगावची दोन माणसे असणे हा भेटीचा पुरावा होत नाही, आणि शोधनिबंधातील निम्मे अपघात याच उतारावर होतात. संदर्भाने शक्यतेचा परीघ आखता येतो. घटना सांगायची तर स्वतंत्र साक्ष लागते.

राजकीय पार्श्वभूमीबाबतही असेच तारतम्य हवे. ‘मुसलमानी राजवटीच्या काळात’ एवढे लिहून मोकळे होण्याची रीत आहे. पण १५७३मध्ये पैठण अहमदनगरच्या निजामशाहीत होते आणि वाराणसी अकबराच्या राज्यात. ही दोन वेगळी, वेगळ्या धोरणांची राज्ये होती. एकनाथ काशीत ग्रंथ पुरा करीत होते त्या सुमारास मुर्तजा निजामशहाचे सैन्य वऱ्हाडच्या इमादशाहीशी झुंजत होते आणि १५७४मध्ये ते राज्य निजामशाहीत विलीन झाले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबाद किल्ल्यावर निजामशाहीच्या सेवेत होते असे परंपरा सांगते. परकी सत्ता आणि पीडित प्रजा एवढ्या दोन रंगांत हे चित्र बसत नाही, आणि ‘हिंदू-तुर्क संवाद’ या एकनाथांच्या रचनेतील खटकेबाज, शेवटी समेटावर येणारा वाद समजून घ्यायचा तर हा बारकावा कामाला येतो.

आता कथेकडे वळता येते. एकनाथांच्या काशीतील परीक्षेचे आख्यान लोकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः ताहराबादचे संतचरित्रकार महिपती यांच्या ओव्यांतून. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४चा, म्हणजे घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी रचलेला. महिपतींपुढे जुन्या रचना आणि मौखिक परंपरा होत्या, त्यामुळे त्यांचे म्हणणे सरसकट टाकाऊ ठरत नाही; पण त्यांची साक्ष प्रथम त्यांच्या स्वतःच्या काळाबद्दलची मानावी लागते. अठराव्या शतकात काशीवर मराठी सरदारांच्या देणग्यांचा ओघ चालू होता, काशीची मान्यता ही मराठी समाजाला मिरवण्याजोगी गोष्ट होती, आणि मराठी ग्रंथाची काशीत निघालेली मिरवणूक ऐकताना त्या काळच्या श्रोत्याला काय वाटत असेल याची कल्पना करता येते. पुष्पिकेच्या ज्या ओव्यांत स्थळ आणि काळ आला आहे, त्यांत वादाचा किंवा मिरवणुकीचा उल्लेख नाही.

कथेची जातकुळी तपासली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तुलसीदासांनी ‘रामचरितमानस’चा आरंभ संवत १६३१च्या रामनवमीला अयोध्येत केल्याचे त्यांच्याच ग्रंथात आहे, म्हणजे एकनाथांच्या ग्रंथसमाप्तीनंतर अवघ्या काही महिन्यांनी, १५७४च्या वसंतात. पुढे तुलसीदासही काशीत राहिले. त्यांच्या चरित्रकथांतही काशीचे पंडित लोकभाषेतील रामकथेवर रागावतात, पोथी रात्रभर विश्वनाथापुढे ठेवली जाते आणि सकाळी तिच्यावर देवाची संमती उमटलेली असते. (त्या वर्षांत विश्वनाथाचे मंदिर उभे तरी होते का, हा प्रश्न कथेला पडत नाही.) तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत बुडतात आणि कोरड्या वर येतात. लोकभाषेतील ग्रंथ, विद्वानांचा विरोध, जल किंवा देव यांच्याकडून होणारी परीक्षा आणि अखेर मान्यता असा हा एक ठरीव साचा आहे. लोककथांच्या अभ्यासात अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकाला कथाबंध म्हणतात. कथाबंध आढळला म्हणून घटना घडलीच नाही असे होत नाही, पण त्या कथेचा उपयोग घटनेच्या पुराव्यासारखा करता येत नाही. लोकभाषेत धर्मग्रंथ लिहिणे ही सोळाव्या शतकातील मोठी धास्तीची आणि मोठ्या अभिमानाची गोष्ट होती, एवढे मात्र हा साचा नक्की सांगतो. आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला ते थोडे नाही.

या सगळ्या खटाटोपाचे फळ एका विशिष्ट स्थळी मिळते. एकनाथी भागवतात प्राकृत भाषेच्या बाजूने केलेला जोरकस युक्तिवाद आहे: संस्कृत देवाने निर्माण केली असेल तर प्राकृत काय चोरांकडून आली, अशा आशयाचा रोखठोक प्रश्न कवी विचारतो. अनेक निबंधांत हा उतारा काशीच्या पंडितांना दिलेले उत्तर म्हणून वाचला जातो, आणि कथा डोक्यात असली की तसे वाचणे अगदी सहज घडते. परंतु हा उतारा पहिल्या अध्यायात आहे, आणि पहिले पाच अध्याय पैठणात झाले असे कवी स्वतः सांगतो. उत्तर प्रश्नाआधी येऊ शकत नाही. म्हणजे हा युक्तिवाद काशीच्या प्रसंगातून जन्मलेला नसून त्याचे लक्ष्य पैठणचा, घराशेजारचा विद्वान वर्ग असावा. काशीत विरोध झालाच असेल तर तो या युक्तिवादाचे कारण नसून परिणाम असू शकेल.

हे वाचन आकर्षक असले तरी त्यालाही एक अडसर आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे आख्यानकाव्य शके १४९३च्या चैत्रात, रामनवमीला, वाराणसीतच पूर्ण झाले, अशी त्याची कालनोंद आहे. म्हणजे १५७१मध्ये एकनाथ काशीत होते. चैत्र १५७१ ते कार्तिक १५७३ हा अडीच वर्षांचा काळ ते सलग तेथेच राहिले असतील, तर भागवताचे पाच अध्याय त्याआधी पैठणात झालेले असणार आणि वरील वाचन टिकते. मधल्या काळात ते पैठणास जाऊन पाच अध्याय लिहून पुन्हा काशीस आले असतील, तर पहिला अध्याय लिहिताना काशीच्या विद्वत्सभेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शिवाय ग्रंथ पुरा झाल्यावर आरंभीच्या अध्यायावर कवीने पुन्हा हात फिरवला असण्याची शक्यताही उरते. यांपैकी पहिला पर्याय सर्वांत साधा आहे आणि पुष्पिकेतील शब्दांशी सर्वांत सहज जुळतो, म्हणून तो स्वीकारण्यास हरकत नाही. पण निबंधात तिन्ही मांडूनच तो स्वीकारला पाहिजे. दोन्ही कालनोंदींवरून आणखी एक निष्कर्ष मात्र निर्धास्तपणे निघतो. काशी ही एकनाथांच्या आयुष्यात केवळ एका परीक्षेपुरती आलेली जागा नव्हती. त्यांचे दोन ग्रंथ तेथे पुरे झाले आणि तेथे त्यांचा दीर्घ वावर होता. जाब देण्यासाठी आलेला आरोपी हे चित्र या नोंदींशी फारसे जुळत नाही.

कवीचे वयही या संदर्भात तपासावे लागते. एकनाथांच्या जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. १५३३ आणि १५४८ ही दोन्ही वर्षे सांगितली जातात. पहिले मानले तर काशीतील कवी चाळिशीचा, दुसरे मानले तर पंचविशीचा, आणि प्राकृताच्या त्या युक्तिवादातील आवेश तरुणाचा की पोक्त गृहस्थाचा हे ठरवताना दोन्ही बाजूंचे टीकाकार एकाच ओवीकडे बोट दाखवू शकतात. येथे चरित्रावरून काव्य समजून घेण्याऐवजी काव्यावरून चरित्र ठरवण्याचा मोह होतो आणि युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरू लागतो.

संदर्भ शोधण्याच्या या पद्धतीमागे टीकाशास्त्रातील एक जुना वाद आहे. फ्रेंच समीक्षक इपोलित तेन याने १८६०च्या दशकात वंश, परिस्थिती आणि क्षण या तीन घटकांतून साहित्य घडते असा सिद्धान्त मांडला. विसाव्या शतकातील नवसमीक्षेने त्याविरुद्ध कृतीच्या शब्दांपलीकडचे सारे गौण ठरवले. आणि १९८०नंतर नवइतिहासवादाने साहित्यकृती व दस्तऐवज यांना शेजारी ठेवून, दोन्ही एकाच सत्तासंबंधांत घडतात असे म्हटले. मराठीत हा वाद अधिक तापलेला होता, कारण संतवाङ्मयाचा संदर्भ ठरवणे म्हणजे महाराष्ट्राचा इतिहास ठरवणे होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९००च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांची चळवळ युरोपातील धर्मसुधारणेसारखी मानून तिच्यात मराठी सत्तेच्या उदयाची बीजे पाहिली, इतिहासकार राजवाड्यांनी संतांवर निष्क्रियतेचा ठपका ठेवला, गं. बा. सरदारांनी १९५०मध्ये ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ या पुस्तकात तोच प्रश्न समाजपरिवर्तनाच्या अंगाने पुन्हा मांडला. तिघांनीही सोळाव्या शतकाबद्दल लिहिले, आणि तिघांच्याही लेखनात त्यांच्या स्वतःच्या दशकाचा प्रश्न स्पष्ट ऐकू येतो. म्हणून दुय्यम ग्रंथ वाचताना त्याच्या प्रकाशनाचे वर्ष ही पहिली नोंद करावी.

साधनांची जागा सांगायची तर वाराणसीत संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाचे सरस्वती भवन ग्रंथालय हे मुख्य ठिकाण होय. हे विद्यापीठ १७९१मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचे वारस आहे, आणि तेथील हस्तलिखितांची संख्या एक लाखाहून अधिक सांगितली जाते. बनारस हिंदू विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभागही आहे. महाराष्ट्रात पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांची दप्तरे आहेत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची घराणी नोंदलेली असतात, पण जुनी पाने नव्या वह्यांत उतरवून घेण्याची रीत असल्याने त्यांतील प्राचीन नोंदी जपून वापराव्यात. छापील पोथीवर मात्र विसंबू नये. खुद्द एकनाथांनी १५८४मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती प्रतींतील अपपाठ वाढल्यामुळेच, आणि ज्या उताऱ्यावर निबंधाचा सारा भार आहे तो निदान दोन-तीन वेगळ्या प्रतींत पाहिल्याशिवाय त्याच्या आधारे काही म्हणू नये.

कृतीच्या निर्मितीचा संदर्भ आणि तिच्या पुढील वाचनांचा संदर्भ यांत घोळ होऊ नये म्हणून दोहोंची प्रकरणे वेगळी ठेवणे सोयीचे असते. जॉन क्यून यांनी २०२१च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढल्याची कथा घेऊन ती शतकांगणिक ग्रंथ, नाटक आणि चित्रपट यांतून कशी बदलत गेली याचा माग काढला आहे. प्रभात कंपनीने १९३५मध्ये एकनाथांवर बोलपट काढला तेव्हा त्यात बालगंधर्व नायक होते, आणि ‘महात्मा’ हे मूळ नाव सेन्सॉरला गांधीजींमुळे न रुचल्याने ते ‘धर्मात्मा’ असे बदलावे लागले. अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीच्या ऐन काळातील हा एकनाथ निजामशाहीतील एकनाथ नाही, तसेच महिपतींच्या ओव्यांतील एकनाथही नाही. महिपतींचे आख्यान आणि प्रभातचा बोलपट यांना निबंधात स्थान द्यायचे तर ते या दुसऱ्या प्रकरणात, त्यांच्या त्यांच्या सालाखाली. पहिल्या प्रकरणात पुष्पिका, त्रिस्थलीसेतु, शंकरभट्टांचा कुलवृत्तान्त आणि रुक्मिणीस्वयंवराची कालनोंद एवढीच साधने पुरेशी आहेत, आणि भाषेविषयीच्या त्या एका उताऱ्याचे वाचन त्यांच्याच आधारे करावयाचे आहे.